मोगऱ्याच्या बुडातल्या गोळ्या

माधवनगर, सांगली
ता. ९ जुलै २०२३

प्रिय शालूस,
सप्रेम जयजिनेंद्र वि. वि.

प्लास्टर निघालं गं बाई! डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाय, म्हणून फोन सोडून पत्र. उत्तरही पत्रानंच दे, वसतिगृहात असताना सुट्टीत लिहायचो तसं.

अंगणात नुसती घसरले आणि मनगट मोडलं. तपासलं तर हाडं विरळ झालीत म्हणे. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांचं असं होतं. ते सोसलं असतं, पण आमची सून चंदना आता ब्राह्मीला माझ्या हातात देत नाही. सहा महिन्यांची नात, आणि मी भिंतीला टेकून बसल्यावर ती मांडीवर ठेवणार! तिला कडेवर घेऊन बस्तीत जिनेंद्रांच्या दर्शनाला न्यायचं, एवढंच मनात होतं गं माझ्या.

उपाय मीच शोधलाय. सोयाबीन आणि जवसात बायकांच्या शरीरातल्या हार्मोनसारखाच गुण असतो, असं वाचलं. रोज सोयाबीन घातलेली भाकरी आणि जवसाची चटणी खाते. डॉक्टरांच्या कॅप्सूल मात्र बंद. त्यांचं कवच जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं म्हणे. आमच्यात चालेल का? चंदना प्रेमानं हातावर ठेवते आणि मी गुपचूप मोगऱ्याच्या बुडात पुरते. मोगरा लय फुललाय.

तुझ्या रानातलं सोयाबीन धाड. लोभ आहे म्हणूनच हक्कानं मागते.

तुझी,
चंदनबाला


कोरेगाव, जि. सातारा
ता. २० जुलै २०२३

लाडके चंदनबाले,
शालूचा नमस्कार वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोकंच फिरलं. आगं, मोगऱ्याची हाडं ठिसूळ झाल्यात का?

आमची सून साक्षी नर्स हाय, तिला इचारलं. ती म्हणली, पाळी हाय तवर शरीरात एक रस तयार हुतो, तो हाडं राखतो. पाळी गेली की तो आटतो. सोयाबीन-जवसात त्याच्या चुलतभावासारखं काय तरी हाय, पर लय कमजोर. कुणाला थोडा आधार हुतो, कुणाला न्हाई. खुशाल खा, पर त्याच्या जिवावर औषध सोडू नगंस. बिनकवचाचं औषध मिळतं, नुसतं तोंड उघडून मागायचं. पुन्हा पडलीस आणि खुबा मोडला, तर नातीला घ्यायचं ऱ्हाईलं, तुलाच उचलायला मानसं लागतील.

सोयाबीन धाडलंय. आजवर आमी सगळी पोती बाजारात घातली, घरात पसाभर ठेवलं न्हाई; आता मी बी खातीया. भाजून मगच दळ. संगट जवसाची चटणी बी केली, पर सवयीनं लसूण पडला, तुमच्यात चालत न्हाई हे डबा भरल्यावर ध्यानात आलं. ती आमच्या ह्यांनी संपवली. आता धाडलीया ती बिनलसणाची हाय.

डॉक्टरांशी बोलली न्हाईस, तर दाजींना मोगरा उकरायला सांगीन. चि. ब्राह्मीस अ. उ. आ.

रागावली तरी तुझीच,
शालू


माधवनगर
ता. ६ ऑगस्ट २०२३

प्रिय शालूस,
सप्रेम जयजिनेंद्र वि. वि.

बोलले बाई! डॉक्टर म्हणाले, आधीच विचारायचं होतं. दुधात घालायची शाकाहारी पूड दिली, हाडांसाठी दुसरी साधी गोळी दिली आणि रोज उन्हात चालायला सांगितलं. पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायामही करते; ह्यांना वाटतं, आता मी कुस्तीला उतरणार.

चंदना मात्र रडली. एकदा सांगितलं असतंत तर सगळी सांगली पालथी घातली असती, असं म्हणाली. मला फार वाईट वाटलं. मी तिच्यापासून गोळ्या लपवायच्या आणि तिनं बाळ बिनधास्त माझ्या हाती द्यायचं, हे कसं जमावं? पुढची तपासणी वर्षानं. तोवर आपली मांडीच.

असाच धाक राहू दे,
चंदनबाला


माधवनगर
ता. १३ ऑक्टोबर २०२४

प्रिय शालूस,
सप्रेम जयजिनेंद्र वि. वि.

हाडांची झीज थांबली! डॉक्टर श्रेय औषधाला आणि चालण्याला देतात. सोयाबीनचा वाटा सांगता येत नाही म्हणतात. मी तरी थोडा देणारच, एवढ्या भाकऱ्या काय फुकट खाल्ल्या?

आज चंदनानं ब्राह्मीला नवा फ्रॉक घातला आणि बस्तीत घेऊन जा म्हणत स्वतः माझ्या कडेवर दिली. मी भरून पावले, तर पोरगी लाथा झाडायला लागली. तिला आता पळायला येतं ना! खाली सोडली तशी गल्लीतनं सुसाट. मीही पदर खोचून मागं धावले. चपला कुठं निसटल्या कळलं नाही. बस्तीच्या दारात तिला गाठली आणि उचलली.

वळून बघते तर चंदना माझ्या चपला हातात घेऊन मागून सावकाश येत होती. वर्षभर मला भिंतीला टेकवून बसवणारी ती, पण सबंध गल्लीत तिनं मला एकदाही थांबवलं नव्हतं. शालू, मला तिथंच रडू आलं गं.

दिवाळीला ये. चटणी बिनलसणाचीच आण.

तुझी धावती मैत्रीण,
चंदनबाला