चौथा थर्मामीटर

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज साताऱ्याला ट्रेनिंग. पाऱ्याचे थर्मामीटर, पाऱ्याची बीपीची मशिनं सगळी जमा करायची. का, तर करार! जपानमध्ये कारखान्याचा पारा खाडीत गेला, तिथले मासे खाऊन माणसं लुळी झाली. मग जगातले शंभरावर देश एकत्र बसले, सह्या केल्या. आपलीही सही आहे. साहेब म्हणाले, देशांचं काम झालं, आता ट्रे रिकामे करायचं काम तुमचं. चहा गार होता. कोयनानगरला पोचायला सात वाजले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आरोग्य केंद्राचे फार्मासिस्ट भाऊसो माझ्या उपकेंद्राचा साठा मोजायला आले. रजिस्टरला थर्मामीटर चार, ट्रेमध्ये तीन.

"सिस्टर, चौथा फुटला म्हणून लिवू का?"

म्हटलं, नको. घरी आहे. शुक्रवारी आणते.

का बोलले कुणास ठाऊक. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काही नाही. ह्यांनी चहा ठेवला, रोजच्यासारखा. लसीकरण. जेवले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लिहूनच टाकते.

जुलै २०१९. आमची क्रांती, सहा वर्षांची. संध्याकाळी तापली. पाऊस, लाईट नाही. मोबाईलच्या उजेडात थर्मामीटर पाहिला — एकशे एक. निदान मला तसं दिसलं. हे म्हणाले, कराडला नेऊया का? म्हटलं, एकशे एक तर आहे, सकाळी बघू. नर्स ना मी! सकाळी गाडीतच गेली, पाटणच्या अलीकडे.

पाऱ्याचा थर्मामीटर झटकल्याशिवाय उतरत नाही. ताप जिथवर चढला, तिथेच पारा थांबून राहतो. मी झटकला नाही. डबीत घातला, कपाटात साड्यांखाली ठेवला. सहा वर्षं डबी उघडली नाही. एकशे एक असेल तर मी बरोबर वाचलं. एकशे चार असेल तर —

ह्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मलाही रडू येत नाही आता. आत काही हलतच नाही. परवा भूकंपाचा धक्का बसला, अख्खी कॉलनी बाहेर आली. मी तांदूळ निवडत होते. मला कळलाच नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डबी न उघडता दिली. नंबर जुळवायला भाऊसोंनी उघडली. मी खिडकीकडे बघत राहिले. मग विचारलं, कितीवर आहे?

"पारा तळाला हाय. झटकून ठिवलाय की तुमी."

मी नव्हता झटकला. सही केली. खोक्याला चिकटपट्टी लागली. कराराचं काम झालं.

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे जेवत होते. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, मान वर न करता म्हणाले, "तवाच बघितला हुता मी. एकशे एकच हुता. तुझं बरोबर हुतं." आणि भाकरी मोडली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

एकशे एक असता तर ह्यांनी झटकला नसता. मला दाखवला असता.

सहा वर्षं ह्यांना माहीत होतं. आणि सहा वर्षं रोज माझ्याआधी उठून माझा चहा ठेवत होते.

आज मी आधी उठले. चहा ठेवला. मग रडले.