सत्ताविसावी पायरी

सोमवार, ४

पोचले एकदाची. खोली झकास आहे. शिंपीणबाईंच्या दुकानावरची, चौदा पायऱ्यांचा दगडी जिना, आत स्वच्छ फरशी, खिडकीशी मोठं टेबल. टेबलाच्या खणाचं कुलूपसुद्धा चालतं. शिंपीणबाईंनी आल्याआल्या चहा दिला आणि माझ्या कुडत्याची बाही कुणी बिघडवली ते विचारलं. मीच शिवलाय, असं काही मी बोलले नाही.

उद्यापासून काम. गावाबाहेरची जुनी पवित्र विहीर मोजायची, नकाशा काढायचा, कुठला दगड धड आणि कुठला नाही ते लिहून द्यायचं. मग दुरुस्ती. तीन आठवडे, आणि सगळं माझ्या एकटीचं. बाबांच्या हाताखाली आम्ही दोघी बहिणी नकाशे काढायला शिकलो, पण आजवर प्रत्येक नकाशावर धाकटीचं नाव वर आणि माझं खाली, 'साहाय्य' म्हणून. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी! या वेळी कचेरीतल्या साहेबांनी फक्त मला पाठवलं. निघताना धाकटीने मिठी मारली, म्हणाली ताई, मजा कर. मनापासून म्हणाली. तिचं हेच तर वाईट आहे, ती सगळं मनापासूनच म्हणते.

मंगळवार, ५

फाटकाची किल्ली वाटेवरच्या कुलूपवाल्या काकांकडे असते. लोक या विहिरीवर पूर्वी कशासाठी यायचे, असं त्यांना विचारलं. पाण्यासाठी, म्हणाले, आणि पुन्हा कानस घासायला लागले. बरं.

विहिरीची दशा बघवत नाही. कमरेएवढं गवत, बाटल्या, एक चप्पल, भिंतीतून फुटलेलं झाड. पण काठाचा दगड बघितला आणि राग पळाला. त्यावर ओळीने खळगे पडलेत, कोपरं टेकून टेकून. किती माणसं इथे वाकून उभी राहिली असतील! आत भिंतीला लागून गोल उतरणाऱ्या एकेचाळीस पायऱ्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. शेवटच्या पायरीशी ओंजळीएवढी दगडी वाटी आहे, तिच्यात झऱ्याचं पाणी झिरपतं. बाकी विहीर काळी, खोल. चाळीस फूट दोरी सोडली, तळ लागला नाही.

लाकडी हातोडीने एकेक पायरी वाजवत उतरले. पक्का दगड ठक वाजतो, पोकळ दगड धब्ब. सत्ताविसावी धब्ब वाजली. बाबांचा नियम आहे: पोकळ दगड सापडला की पाय उचलायच्या आधी लाल खडूची फुली. आधी फुली, मग वही. पण खडू वर पिशवीत राहिला होता. म्हणून वहीत लिहिलं, '२७, पोकळ, भार टाकू नये', आणि ती पायरी ओलांडून पुढे गेले. फुली उद्या मारेन.

बुधवार, ६

साहेबांचा फोन. काम लवकर हवंय, म्हणून धाकटीला पाठवतायत. नकाशा तीच पूर्ण करेल, मी मापं द्यावीत. म्हणजे गवत मी कापायचं, शेवाळात कोपरं मी फोडायची आणि या बाईसाहेब येणार आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला. हो साहेब, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आज विहिरीवर गेलेच नाही. जेवलेही नाही. फुली राहिली.

शुक्रवार, ८

धाकटी सकाळी आली आणि दुपारपर्यंत गल्ली तिची झाली. शिंपीणबाईंनी तिला निळ्या फुलांच्या कपात चहा दिला. मला चार दिवस स्टीलचा पेला. तिने टेबलावर बाबांची पितळी पट्टी काढून ठेवली, सहज, जसं काही ती कुणाचीही असते. बाबांनी ती पट्टी तिला दिली, मला नाही. वीस वर्षं झाली, अजून माझ्या पोटात दुखतं.

सगळ्यात कहर म्हणजे कुलूपवाले काका. मला एक शब्द सांगितला नाही आणि तिला स्टूल देऊन अख्खी कहाणी सांगितली. मी बाहेर पायरीवर बसून ऐकली. लोक वाटीतलं पाणी ओंजळीने पीत आणि मनातलं मागत. मागितलेलं मिळायचंही. मग यायचे का थांबले, असं धाकटीने विचारलं. काका म्हणाले, "ही विहीर नवं काही देत नाही, पोरी. कुणाचं तरी उचलून देते." एकाची गाय आटली की शेजारच्याची दुप्पट दूध द्यायची. शेवटी गावात कुणी कुणाशी बोलेना, तेव्हा फाटक लावलं.

धाकटी हसली. रात्री उशीला डोकं टेकताच झोपली. मी नेहमीसारखी छताकडे बघत.

शनिवार, ९

ती साहेबांशी बोलत बसली होती तेवढ्यात मी एकटीच विहिरीवर जाऊन आले. सत्ताविसावी ओलांडून खाली. पाणी गार, लोखंडाच्या चवीचं. गंमत म्हणून मागितलं: तिची झोप मला मिळू दे.

रविवार, १०

नऊ वाजता उठले. नऊ! शाळेनंतर कधी अशी झोपले नसेन. धाकटी खिडकीशी बसलेली, डोळे लाल. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाली. जागा बदलली की होतं असं, म्हणून मी तिची समजूत घातली. वाईट वाटलं थोडं. फार नाही.

सोमवार, ११

आज तिचा हात मागितला. म्हणजे रेघ. तिची रेघ एका दमात येते, केसासारखी. माझी नेहमी कुठेतरी अडखळते.

मंगळवार, १२

दुपारी काठाचा नकाशा काढला. एकदाही खोडलं नाही. फोटो पाठवला तर साहेबांचा स्वतःहून फोन, हे तुम्ही काढलंत? इतकी वर्षं कुठे लपवलं होतंत? धाकटीचा कागद मात्र चार वेळा फाटला. हात थरथरतोय तिचा. माझा नकाशा बघून म्हणाली, ताई, काय सुंदर आलंय गं. पुन्हा मनापासून! हिला जरा तरी जळता येऊ नये?

बुधवार, १३

बाबा तिला 'चिमणे' म्हणतात. मला नावाने. आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, घर मी सांभाळलं, वेण्या मी घातल्या, आणि चिमणी ती. सकाळी विहिरीत खाली गेले आणि तेच मागितलं. मागताना रडले, ते कशाला लपवू.

अकराला बाबांचा फोन. "चिमणे, जेवलीस का गं?" आवाजात असलं लोणी मी माझ्यासाठी कधी ऐकलं नव्हतं. अर्धा तास बोललो. मग धाकटीने त्यांना फोन लावला. दोन वाक्यांतच फोन खाली ठेवला. कोण बोलतंय, असं विचारलं म्हणे त्यांनी. आदराने. अहो-जाहो करून.

गुरुवार, १४

मला वाटलं होतं आता थंड होईन. कुठलं काय. ती काळवंडली, हात गेला, बाबा परके झाले, आणि आता गल्लीभर तिची काळजी! शिंपीणबाई तिला दूध गरम करून आणतात, केसांवरून हात फिरवतात. काकांनी तिच्यासाठी छत्रीचा दांडा नीट करून दिला. आपण सगळं घेतलं तरी हिच्याकडे उरतंच. विहीर आहे की काय ही.

उद्या पायऱ्यांची मापं आहेत. हात थरथरतो म्हणून नकाशा मी काढणार आणि खाली ती उतरणार. रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, पायऱ्या सगळ्या पक्क्या आहेत ना, फुली कुठे दिसली नाही.

सगळ्या पक्क्या आहेत, म्हटलं.

लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच मी फसवायला नको. विसरले नव्हते. वही खणात आहे आणि खणाला कुलूप आहे.

त्याआधी संध्याकाळी विहिरीत खाली जाऊन आले होते. पोट फुटेस्तोवर पाणी प्याले. एकेक काय मागत बसायचं? तिच्या वाट्याला जे जे असेल, ते सगळं माझ्या वाट्याला येऊ दे.

शुक्रवार, १५

मी काठावर, वही घेऊन. ती खाली. आमची पद्धत अशी, खालची माप ओरडते, वरची तेच पुन्हा ओरडते आणि मग लिहिते. चोवीस. पंचवीस. सव्वीस. ओरडावंसं वाटलं, शपथ. ओठ उघडले नाहीत.

सत्तावीस, ती म्हणाली. पायरीवर दोन्ही पाय टेकून उभी. मापासाठी खाली बसली, उठली, टाच आपटली. ठक. ताई, लिहिलंस का?

लिहिलं.

इतकी सुटल्यासारखी झाले की वर येताच तिला मिठी मारली. ती बिचारी बावरली. आम्ही घरी आलो. शिंपीणबाईंच्या जिन्यावर ती पुढे, मी मागे.

तिसरी पायरी माझ्या पायाखाली धब्ब वाजली.

शनिवार, १६

सकाळी जिना हातोडीने वाजवला. तिसरी, सातवी, अकरावी पोकळ. मंगळवारी मी हाच जिना धडाधडा उतरले होते. शिंपीणबाईंना बोलावलं. त्या वीस वर्षं चढतायत म्हणाल्या, तिन्ही पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. ठक, ठक, ठक.

त्या गेल्यावर मी उतरायला लागले आणि सातवीत पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. आत दगड नाही, माती नाही. नुसता गार वारा आणि लोखंडाचा वास. कठड्याला धरून पाय ओढून काढला. बघते तर पायरी सलग. साधी चीर नाही. नडगी मात्र सोललेली, हे बघ, वहीवर डाग पडलाय.

आता कळलं. त्या पायरीवरून पडणं तिच्या वाट्याला होतं. मीच ठेवलं होतं. आणि मग मीच मागून घेतलं.

रविवार, १७

काकांकडे गेले, भिंती धरत. रस्त्यातही दोन ठिकाणी — धब्ब. सगळं सांगितलं. ओशाळून, पण सगळं. त्यांनी कानस खाली ठेवली. परत करायची एकच रीत आहे म्हणाले. जिचं आहे तिने जाऊन मागायचं. पण हेव्याने मागावं लागतं. हेवा नसला तर पाणी नुसतं पाणी.

धाकटीच्या पायाशी बसले. झोप, रेघ, बाबा, पायरी, सगळं कबूल केलं. तिला वाटलं ताप चढलाय. मग वही दाखवली, '२७, पोकळ'. तारीख वाचली तिने. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, जा, माग माझं, जळून माग, तुला माझा हेवा वाटेल असं काही माग.

गेली ती. माझ्यासाठी एकेचाळीस पायऱ्या उतरली, पाणी प्याली, परत आली. काही झालं नाही. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, प्रयत्न केला गं. पण मला तुझं काही नकोच आहे. कधीच नको होतं."

याहून वाईट कुणी मला आजवर बोललं नाही.

बाबांची पट्टी तिने माझ्या हातात ठेवली. राहू दे तुझ्याकडे, म्हणाली.

सोमवार, १८

सकाळ. धाकटी डॉक्टरांना आणायला गेलीय. मी खुर्चीत. पितळी पट्टीने फरशी वाजवतेय, जिथवर हात पोचेल तिथवर. खिडकीखाली पोकळ. पलंगाखाली पोकळ. दाराशी — पोकळ.

लाल खडू घेतलाय. आधी फुली, मग वही. बाबा, बघा.

अकरा वाजले

टेबलाचा डावा पाय. तासापूर्वी पक्का होता. आता धब्ब. फुली उमटत नाही, फरशी ओली आहे. फटींतून वास येतोय तो —

फोन वाजतोय. बाबा असतील. चिमणे म्हणतील. फोन पलंगावर. मध्ये चार फरश्या —

थांबला.

खाली तिचा आवाज. आली. जिना चढतेय. तिच्या पायाखाली प्रत्येक पायरी ठक वाजतेय, तिसरीसुद्धा, सातवीसुद्धा. आणि मला काय वाटतंय? लाज नाही. भीतीही नाही. हेवा. अजून हेवाच. पायाखाली जमीन आहे तिच्या —

बारा. तेरा.

आत येऊ नकोस म्हणून ओरडले. येणारच ती. मनापासून येणार —

खुर्चीच्या पुढच्या पायाखाली धब्ब. मागच्या —

माझ्या पायाखालची एक फरशी राहिलीय. पट्टी टेकवते. ती पक्की असेल, ती तरी माझी —