आठपट पाणी

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गिऱ्हाइकं वाढली, रंगवलेलं कापड धुवायला पाणी पुरेना. म्हणून गच्चीवर नवी लोखंडी टाकी बसवली. जुनी मीटरभर लांब, तेवढीच रुंद आणि उंच होती; ही तिन्ही बाजूंनी दुप्पट, म्हणजे पाणीही दुप्पट. बरोब्बर आबांच्या खोलीवर आली आहे. परवापासून भरतो. नळाची धार करंगळीएवढी, आठवडा तरी जाईल. शाळेतल्या पोरांतून वेळ उरला तर आमचीही आठवण काढ.

तुझ्या बोलण्यांचा हक्काचा धनी,
बंड्या

१४ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

वर्ग अर्ध्यावर सोडून पोस्टात आले आहे. पाणी भरू नकोस, अशी तार केली. कारण इथे लिहिते. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंचीही दुप्पट; दोन गुणिले दोन गुणिले दोन. जुनीसारख्या आठ टाक्या या एकीत मावतात. तेव्हा छतावर एक टन पाणी होतं, आता आठ टन होईल. ते छत पेलणार नाही. आधी आबांना खाली आण, मग माझ्याशी हवं तेवढं भांड.

काळजीत असलेली,
ताई

१९ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

तुझं उत्तर नाही. फळ्यावर काय लिहिते ते माझं मलाच कळत नाही, पोरं एकमेकांकडे बघतात. रागावला असशील तर शिव्या लिही, पण लिही. गाडीची चौकशी करून आले आहे.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तार आली तेव्हा मी हसलो. ताईला माझं काही मोठं झालेलं बघवत नाही, असंही घरात बोललो आणि धार चालूच ठेवली. काल पत्र आलं. तुझ्या भावजयीने ते वाचलं आणि माझ्याशी एका शब्दाने वाद न घालता शेजाऱ्यांना बोलावून आबांना गादीसकट खाली कारखान्यात हलवलं. मी तिला खोटं पाडायला तणतणत गच्चीवर गेलो. टाकी जेमतेम निम्मी भरली होती आणि तिच्याखाली गच्ची बशीसारखी दबली होती. घाईघाईने तोटी सोडली. पाणी उतरत असतानाच खाली धाडकन आवाज झाला. छताचा मोठा तुकडा आबांच्या रिकाम्या पलंगावर पडला होता.

आपल्याला का हलवलं, असं आबा विचारतात. खोलीला रंग द्यायचा आहे, असं हिने सांगून ठेवलंय. त्यांनी मला दोनदा शाबासकी दिली, त्यांच्यासाठी किती करतो म्हणून. तेव्हापासून मी कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही.

खरं मलाच सांगायला हवं. तू येऊन शेजारी बसलीस तर सांगेन.

तुझाच,
बंड्या