न वाचलेला चौकोन

अहो, नमस्कार. डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय, म्हणून बसूनच करते.

बुधवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. काळजी नको. लेकीने ऑफिसातल्यासारखा भिंतीवर तक्ता लावलाय. प्रत्येक चौकोनात काम, दिवस आणि करणाऱ्याचं नाव. मला नुसतं झोपायचंय. इतकं सोपं काम जन्मात मिळालं नव्हतं!

तक्ता नातीकडून वाचून घेतला. मला अक्षर येत नाही, पण मोजता येतं. चौकोन नऊ, तिने वाचले आठ. म्हणाली, “आजी, तो रिकामाय.” रिकाम्यात एवढी शाई?

काही उलटं घडलं तर कोणी काय करायचं, तेच असणार. त्यात तुमचं नाव असेल, तर आधी जेवून घ्या. तिकडे गावी गोळ्या घेता ना?

इथे नातीचा हात थांबलाय. लिही गं, घाबरलेय मी, तू कशाला?

तुमचीच,
खाली माझा अंगठा