पास उंच नव्हता

प्रिय रोशनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. घाबरायचं काम सध्या मी एकटीच करते आहे. गेल्या आठ दिवसांत गॅसचं बटण रोज तीनदा तपासते, कुलूप लावून खाली उतरते आणि अर्ध्या जिन्यातून परत वर जाते, हजेरी घेताना मुलींची नावं गाळते. मौद्याची बस पकडून तुझ्याकडे यावं म्हणून दोनदा निघाले आणि दोनदा स्टँडवरून परत फिरले. फोन केला तर तू ‘जाऊ दे वं’ म्हणून मला पुढे बोलूच देणार नाहीस. आमच्या शाळेतला शिपाई जितेंद्र मौद्याचाच, त्याच्या हाती हे पाकीट देते आहे. विषय तुला ठाऊक आहे. गेल्या रविवारचा अंतिम सामना, आणि तुझ्या संघातल्या मुलींना पंच म्हणून मी न दिलेली पेनल्टी ट्राय.

तुला हेमराज सरांचे स्टीलचे ग्लास आठवतात का गं? सरावानंतर नागपुरात सदरच्या टपरीवर चहा व्हायचा आणि सर रिकामे ग्लास मांडून आपल्याला रग्बीचे नियम शिकवायचे. हा ग्लास चेंडू घेऊन पळणारी, हा तिला अडवणारी, आणि टेबलाची कड म्हणजे गोलरेषा, तिच्यापलीकडे चेंडू टेकवला की ट्राय. अडवणारीने चुकीचं काही केलं की सर तिचा ग्लास उचलून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, आता ही नाहीच असं समजा, मग ट्राय झाली असती का? मी नेहमीसारखी अडायचे. सर, ती घसरली असती तर? चेंडू हातातून सुटला असता तर? तू हसत सुटायचीस. टपरीवाला ग्लास मागत उभा राहायचा. एकदा सर वैतागून म्हणाले, “खात्री कायले मांगतं वं माया? खात्री कोणालेच नसते. झाली असती बहुतेक, एवढं वाटलं की सीधी पोस्टच्या मधात जाऊन उभी राय.” नियमही तेवढाच आहे. गैरखेळाने बहुतेक होणारी ट्राय अडली, तर पंचाने गोलपोस्टच्या मधे उभं राहून ती देऊन टाकायची. सात गुण, वर किकही मारायची नाही. मी तो वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

आता गेल्या रविवारचं. तुझ्या मुली बारा, नागपूरच्या सतरा, शेवटचं मिनिट. तुझ्या रुख्मिणीने नागपूरच्या दोघींना स्वतःवर ओढून घेतलं आणि कडेला मोकळ्या असलेल्या गोलूकडे पास टाकला. गोलूपासून रेषा आठ पावलांवर होती. मध्ये नागपूरची एकच मुलगी, आणि तिने चेंडू पकडायचं नावही न घेता हात मारून तो खाली पाडला. मी शिट्टी वाजवली. साधी पेनल्टी दिली, तिला पिवळं कार्ड दाखवलं, आणि पोस्टकडे गेले नाही. पेनल्टी घेताना तुझ्या मुलींचा गोंधळ उडाला, चेंडू गेला, सामना गेला. राज्य स्पर्धेला नागपूरच्या मुली जाणार. तुझी कर्णधार विचारायला आली तेव्हा मी म्हणाले, पास जरा उंच होता, गोलूने पकडलाच असता असं सांगता येत नाही. संध्याकाळच्या अहवालातही तेच लिहिलं.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त छळतं आहे. मुलींचे वडील माझ्यावर धावून आले, पंच विकली गेली म्हणून ओरडत होते. मी चेंडूंच्या पिशवीला धरून उभी होते. आणि तू मध्ये आलीस. “काहून ओरडून राहिले गा? मायाले जे दिसलं तेच तिनं देल्लं. माह्यासाठी ते खोटं बोलत नाही, अन् माह्या विरुद्धही बोलत नाही.” रडून तुझे डोळे लाल झालेले होते, तरी तू मला फाटकापर्यंत सोडायला आलीस. त्यापेक्षा तू चार शिव्या दिल्या असत्या तर मी शांत झोपले असते.

आणि मग गुरुवारी तुझा मेसेज आला. रुख्मिणी सरावाला येत नाही. तिच्या उंच पासमुळे सामना गेला असं तिच्या मनाने घेतलंय. तूही तिला रागावलीस, कारण मॅडमने उंच म्हटलं म्हणजे उंचच असणार. बूट मैत्रिणीला देऊन टाकते म्हणते. तू सहज कळवलंस, आणि मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवून दिला.

रोशनी, चेंडू खाली पडला त्या क्षणी मला ट्राय दिसली होती. बहुतेक वगैरे नाही, स्वच्छ दिसली होती. माझा पाय पोस्टकडे वळलाही होता. तेवढ्यात कडेला तू दिसलीस, दोन्ही हात डोक्यावर धरलेली. आणि माझ्या मनात आलं, सगळ्यांना माहीत आहे आपण एका ताटात जेवलेल्या आहोत. उद्या म्हणतील, मैत्रिणीला सामना दिला. मी भ्याले. मग ती भीती झाकायला मी खात्री मागत बसले, आणि खात्री मिळेना म्हणून पासला उंच केलं. दुसऱ्या कुठल्याही मार्गदर्शकाच्या मुली असत्या तर मी पळत जाऊन हात वर केला असता. तू माझी मैत्रीण आहेस, म्हणून तुझ्या मुलींवर मी अन्याय केला. तुझी माफी मागायलाही मला लाज वाटते आहे.

निकाल आता बदलणार नाही, पंचाचा निर्णय मैदानावरच संपतो. पण मी नवा अहवाल लिहिला आहे, त्यात हे सगळं आहे, तुझ्या नावासकट. उद्या दहा वाजता समितीकडे देणार. माझी पंचाची शिट्टी जाईल बहुधा. तू मला माफ करावंस म्हणून मात्र हे पत्र नाही. ते तू तुझ्या वेळेने कर, किंवा करू नकोस. हे पाकीट घेऊन आजच रुख्मिणीच्या घरी जा. वरचं सगळं वाचायची गरज नाही, पुढच्या चार ओळी तेवढ्या तिला वाचून दाखव, आणि मग मैदानावर सगळ्या मुलींसमोर पुन्हा वाच.

रुख्मिणी, पास उंच नव्हता. तो गोलूच्या छातीशी येत होता, मी चार पावलांवरून पाहिला. ती ट्राय होती, आणि ती मी दिली नाही. बूट कोणाला देऊ नकोस.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
माया