सुनंदाला बसलेला ब्लाउज

वरवंड, शुक्रवार, सहावी माळ

माझ्या लग्नातला हिरवा खणाचा ब्लाउज आज धाकट्या जावेच्या अंगात बसला, म्हणून लिहिते आहे. दुसरं काही सुचतच नाही.

सुनंदाचं गेल्या वर्षी पुण्याला वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. आतड्याचा रस्ताच वळवला, खाल्लेलं आता पुरतं अंगी लागत नाही. माझ्या हृदयामुळे डॉक्टर मला नाही म्हणाले. वजन दोघींचं सारखं होतं. मग तीच का सुटली?

"आक्का, तुम्हाला आता तो होत न्हाई. अष्टमीला मी घालते की," म्हणाली आणि घालून आरशासमोर उभी राहिली. सगळे हुक लागले.

केस सावरताना मात्र हातात झुपका आला. ओठही पांढरेफटक. ऑपरेशननंतरच्या गोळ्या घेतेस ना, विचारलं.

"श्रावणी सोमवार धरले तवा सोडल्या, त्या सोडल्याच. आता नवरात्राचा उपास हाय. उपासाला गोळी कुठं चालते?"

"भगर चालते, दाण्याची आमटी चालते, आणि लोहाची गोळी चालत नाही? त्या जन्मभर घ्यायच्या आहेत!"

"आन् देवीला काय सांगू?"

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. होईल ते होईल. इतकी जळते मी? पण ते हुक... सगळे लागले होते.

उठले. शेजारी तिच्या घरातून गोळ्यांचा डबा आणला. "सांग, थोरलीनं उपास मोडायला लावला. पाप माझं."

सुनंदाला दिलं: एक गोळी, माझ्यासमोर गिळली. उद्या तिच्या डॉक्टरांकडे सोबत जायचा शब्द. आणि हिरवा ब्लाउज, कायमचा.