अगदी शेवटी येणारा पाहुणा

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे जिना चढू देतात का? इकडे आई ठणठणीत आहे आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला की "तुझ्या मामाने तुला या रसायनांत घातलं" असं म्हणून सगळं खापर तुमच्या डोक्यावर फोडते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर हल्ली तुम्ही फोन फार लवकर ठेवता. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही (येतं, पण मग ते मामी वाचतात).

मामी वाचणारच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी आधी आमच्या परीक्षेचं सांगते. वर्षातून एकदा सगळ्या प्रयोगशाळांना एकाच पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या येतात. ज्याने त्याने आपापलं पाणी तपासायचं, एकमेकांना विचारायचं नाही आणि उत्तर पाठवून द्यायचं. बहुतेकांचं जे उत्तर येईल ते खरं, आणि ज्याचं वेगळं तो नापास. (शाळेत अशी पद्धत असती तर तुमचा धाकटा पहिला आला असता, मामी.) तपासायचं म्हणजे काय, तर पाण्याचा एक थेंब यंत्रात घालायचा. तो एका लांब, केसासारख्या नळीतून जातो, त्यात जे जे मिसळलेलं असेल ते एकेक करून बाहेर पडतं आणि कागदावरच्या सरळ रेषेवर प्रत्येकाचं एकेक टेंगूळ उठतं. टेंगूळ कुठे उठलं त्यावरून पदार्थ ओळखायचा. एवढीच विद्या, तिच्या जोरावर अशाच एका प्रयोगशाळेत जन्म काढून मामा घरात नाकाने कांदे सोलतात.

तर यंदाची बाटली मी घातली. तपासायच्या यादीतले सगळे पदार्थ आपापल्या जागी आले आणि गेले. पुढे नुसती सरळ रेषा. यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर अगदी शेवटी एक लहानसं, गोल टेंगूळ उठलं. सगळे पाहुणे गेल्यावर दार लावायला जावं आणि दारात एक जण मुकाट्याने उभा असावा, तसं. हा पाहुणा कोण ते मला माहीत नाही. आमच्या यादीत तो नाही. नुसतं शुद्ध पाणी घातलं तर येत नाही, बाटलीतलं घातलं की येतो. मी नळी धुतली, नळी बदलली, साबण बदलला, माझ्या केसांच्या तेलाचा संशय आला म्हणून दोन दिवस डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून हिंडले. (रिक्षावाल्याने पैसे आधी मागून घेतले.) पाहुणा आपला येतोच.

मग शेजारच्या टेबलावरच्या शंकेखोराला बसवलं. हा माणूस स्वतःचं घड्याळसुद्धा दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहतो. त्याने स्वतःच्या हाताने थेंब घातला, टेंगूळ पाहिलं, त्यावर बोट ठेवलं आणि "अरे बापरे" म्हणाला. जेवून परत आला तेव्हा म्हणाला, कुठलं टेंगूळ? मी कागद पुढे केला. त्याने बराच वेळ चष्मा पुसला, कागदाकडे पाहिलं आणि मला सरळ रेषाच दिसते असं सांगितलं. मामा, तो थट्टा करत नव्हता. थट्टा करण्याइतकी अक्कल त्याला नाही. काचेची भांडी धुणाऱ्या बाईंनी तर माझी भांडी वेगळ्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहेत. हे तुमच्या एकटीवरच आलंय बाई, आम्हाला लावून घेऊ नका, म्हणतात.

शेवटी साहेबांकडे गेले. ओरडतील म्हणून तयारीत होते, पण ते फार प्रेमाने बोलले आणि तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. यादीत नाही ते पाण्यात नाही, असं म्हणाले. मग स्वतः माझ्या खुर्चीवर बसले, पडद्यावर टेंगळाच्या पायथ्याशी रेषा पकडली आणि अलगद पुढे ओढली. टेंगूळ जमिनीत गेलं. पोर झोपलं की आई त्याच्यावर पांघरूण ओढते ना, तितक्या सवयीने. ते गेल्यावर मी कपाटातले जुने कागद काढले, मागच्या वर्षीचे, त्याच्या आधीचे. सगळे साफ. पण तुम्हीच शिकवलंत की खरी रेषा कधीच पूर्ण सरळ नसते, बारीक थरथरत असते. मी प्रत्येक कागदाचा शेवट भिंगाखाली धरला. शेवटाला एकही रेषा थरथरत नाही, मामा. म्हणजे तो शेवट दरवर्षी कोणीतरी हाताने ओढलाय.

मग हात दाखवून अवलक्षण केलं. नियम मोडून बाकीच्या प्रयोगशाळांना फोन लावले. प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं, "आमच्याकडे तसलं काही नाही हो," आणि ते म्हणण्याआधी प्रत्येक जण अगदी तेवढाच वेळ थांबला. सोमवारी मला सही करायची आहे. सरळ रेषेवर केली तर सगळ्यांच्या बरोबरीने पास. टेंगळावर केली तर आमची प्रयोगशाळा एकटी नापास, परवाना अडचणीत आणि माझी खुर्ची आधी रिकामी. आई म्हणते, आपण बरं की आपलं काम बरं. पण हे पाणी माणसं पितात, मामा. मला झोप लागत नाही.

बाकी सर्व ठीक. मामींनी गुडघ्यांना तेल लावत राहावं. धाकट्याला म्हणावं, अभ्यास कर, बहुमत नेहमी कामाला येत नाही.

तुमची लाडकी,
भाची

ता. क. : ताकाला जाऊन भांडं लपवू नये, म्हणून आता लिहिते. फोन मी तुम्हालाही केला होता. तेव्हा मी फक्त "एक टेंगूळ आलंय" एवढंच म्हटलं होतं. "अगदी शेवटी येतं ना, त्याकडे लक्ष देऊ नकोस," हे तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात. ते कुठे येतं हे मी सांगितलंच नव्हतं. (चोराच्या मनात चांदणं असं मोठ्यांना म्हणू नये, म्हणून म्हणत नाही.) तुम्ही किराण्याची पावतीसुद्धा टाकत नाही, तेव्हा रेषा ओढण्याआधीचा तुमचा कागद घरात असणारच. तो मला पाठवा. दोन कागद असले म्हणजे ते एका बाईच्या डोक्यातलं भूत राहत नाही. मी तुमचं नाव घेणार नाही असं म्हणत नाही. घ्यावं लागेल.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी आज आमच्या घरच्या नळाचं पाणी यंत्रात घालून पाहिलं. रेषा शेवटपर्यंत सरळ आली. इतकं हायसं वाटलं की हे पत्र फाडायलाच निघाले होते. मग सवयीने शेवट भिंगाखाली धरला. तो थरथरत नव्हता. खोलीत दुसरं कोणी आलेलं नाही, आणि रेषा ओढणाऱ्याचं नाव यंत्र टिपून ठेवतं, ते माझं आहे. कधी ओढली, मला आठवत नाही. मामी, मामांनी कागद पाठवला नाही तर तुम्ही शोधून पाठवा. लवकर पाठवा, मला अजून दिसतंय तोवर.